सोडवणूक कोणाच्या हाती?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निर्मल येथे भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या समारंभात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, आणि विषय निवडण्याचे काम आमच्यावरच सोपविण्यात आले. पुष्कळ विचार करूनही काही सुचेना. शेवटी निमंत्रणपत्रिकेवरचा 'ज्युबिली' हा शब्द पाहिला आणि विषय तेथेच सापडला. हा शब्द इंग्रजांचा, अशी आपली सर्वांची समजूत आहे. पण तो मूळचा इब्री आहे. 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. ज्यू लोकांच्या तोरात, लेवीय नावाच्या भागाच्या पंचविसाव्या अध्यायात, असा नियम घालून दिला आहे की सात वेळा सात वर्षे मोजावीत, आणि पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी शिंग फुंकून देशभर मोकळीक जाहीर करावी. ज्याने गरिबीपायी जमीन विकली असेल त्याच्या घराण्याकडे ती परत जावी. ज्याने स्वतःलाच विकले असेल त्याने आपल्या माणसांत परत यावे.

पण पन्नास वर्षे म्हणजे माणसाचे उभे आयुष्य झाले. तोवर कर्जात बुडालेल्याने नुसते दिवस मोजीत बसावे काय? त्याचीही सोय त्याच अध्यायात आहे. भावाने जमीन विकली तर त्याच्या अगदी जवळच्या नातलगाने पुढे होऊन ती सोडवावी. भावाने परक्याकडे स्वतःला विकले तर पैसे मोजून त्याला घरी आणावे. असे करणाऱ्याला इब्रीत 'गोएल' म्हणतात, आणि त्याच्या त्या कृत्याला 'गेउला'. आता मौज अशी की, पुढे हे लोक देशोधडीला लागले, आणि 'देव आपली सुटका करील, मशीहा येईल, विखुरलेले एकत्र होतील' अशी मोठी आशा त्यांनी उराशी धरली, तेव्हा तिलाही त्यांनी नाव दिले ते गेउला हेच. आपल्याकडे त्याचे भाषांतर 'उद्धार' किंवा 'मुक्ती' असे करतात. आम्हांस हे शब्द जरा उंचावरचे वाटतात. आपली मुक्ती एकेका जीवाची, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याची. त्यांची गेउला सगळ्या समाजाची, आणि ती या जमिनीवर, याच जगात व्हायची. गहाण पडलेले शेत आपण सोडवितो ना, त्यातली 'सोडवणूक' हाच तिचा खरा मराठी शब्द होय.

निर्मलकरांना हे फोड करून सांगण्याची गरज नाही. निजामाच्या अमदानीत या मुलखात 'भगेला' नावाची चाल होती. थोड्याशा कर्जापायी माणूस धन्याच्या शेतावर बांधला जाई, आणि राबून राबूनही कर्ज फिटत नसे. १९३६ साली निजाम सरकारने भगेल्याच्या करारांवर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि वेठबिगारी देशभर रद्द करणारा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. अशा माणसाचे कर्ज फेडून त्याला घरी आणणारा जो भाऊ, तो गोएल. ज्यू लोक देवाला हेच नाव देतात. मग प्रश्न असा उभा राहतो की, देव हाच सर्वांत मोठा गोएल असेल, तर माणसाने काय करावे? वाट पाहावी, की काही हालचाल करावी? या एका प्रश्नावर ज्यू पंडितांनी दोन हजार वर्षे वाद घातला आहे. आणि तो वाद मराठी भाषेतही झालेला आहे, म्हणूनच आज तो येथे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. आपल्या पूर्वजांचे गलबत कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागेजवळ नवगावापाशी फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. गावावरून त्यांची आडनावे पडली. दिवेकर, झिराडकर, किहीमकर, राजपूरकर. धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी, म्हणजे शब्बाथाच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. आपल्या घरी मराठी आणि दारात तेलुगू, तद्वतच त्यांच्या घरी मराठी आणि प्रार्थनेत इब्री. म्हणून आम्हांस ते लोक कधी परके वाटले नाहीत.

१९६४ साली आम्ही पुण्यास शिकावयास होतो. रास्ता पेठेत आमच्या खोलीशेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहत होते. घरात म्हातारी आई, मुलगा टपाल खात्यात, सून, दोन नातवंडे. म्हातारीला सारा वाडा आजी म्हणे. या विषयातले आम्हांस जे काही ठाऊक आहे त्याची सुरुवात आजींच्या स्वयंपाकघरात झाली. पुस्तके नंतर आली.

पावसाळ्यात एके दिवशी त्या घरी चूल पेटली नाही. चौकशी करता कळले की 'बिरड्याचा रोजा' आहे. जेरुसलेमचे मंदिर दोन वेळा पडले, दुसऱ्या वेळी रोमन सैन्याने इसवी सन ७० मध्ये पाडले, त्याच्या शोकाचा हा कडक उपास. ज्यू पंचांगात त्याची तिथी अव महिन्याची नववी. उपास सोडताना वालाचे बिरडे करतात म्हणून कोकणात त्याला हे नाव मिळाले. आम्ही आजींना विचारले की, एवढ्या जुन्या गोष्टीसाठी आज उपाशी राहून काय साधते? त्यांनी उत्तरादाखल एका पंगतीची गोष्ट सांगितली. ती ताल्मूदात आहे हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

जेरुसलेममध्ये एका गृहस्थाचा काम्सा नावाचा मित्र होता आणि बार काम्सा नावाचा वैरी. गृहस्थाने मेजवानी दिली आणि मित्राला बोलावणे धाडले. गडी चुकला, आमंत्रण वैऱ्याच्या घरी गेले. बार काम्साला वाटले की समेट करायचा दिसतो. तो येऊन पानावर बसला. यजमानाने त्याला पाहिले आणि म्हटले, ऊठ. बार काम्सा म्हणाला की, आलोच आहे तर चारचौघांत अपमान करू नका, माझ्या जेवणाचे पैसे मी देतो. नाही. अर्ध्या मेजवानीचा खर्च देतो. नाही. सगळ्या मेजवानीचा देतो. तरी नाही. यजमानाने त्याचा हात धरून त्याला बाहेर काढले. पंगतीला मोठमोठे पंडित बसले होते. त्यांतला एकही बोलला नाही. यजमानापेक्षा या मुकाट बसलेल्या पंडितांचाच राग बार काम्साच्या मनात राहिला. तो रोमन बादशहाकडे गेला, ज्यू लोक बंड करणार अशी चुगली केली, आणि तेथून जे सुरू झाले ते मंदिराच्या राखेपाशी थांबले.

(आज आपल्याकडेही पंगत आहे. आमंत्रणे बरोबर घरी गेली आहेत याची व्यवस्थापक मंडळींनी खात्री केली असेलच.)

रोमन सैन्य बलाढ्य होते, हे ज्यू पंडितांना कळत नव्हते असे नाही. पण स्वतःच्या नाशाचा हिशेब मांडताना त्यांनी पहिले नाव रोमचे न लिहिता आपल्याच पंगतीतल्या गप्प बसलेल्या माणसांचे लिहिले. निष्कारण द्वेषाने मंदिर पडले, असे त्यांनी ठरविले. आणि त्याहून कठीण गोष्ट पुढे आहे. जेरुसलेमच्या ताल्मूदाचे म्हणणे असे की, ज्या पिढीच्या हयातीत मंदिर पुन्हा उभे राहत नाही, त्या पिढीने ते जणू स्वतःच पाडले. म्हणजे रास्ता पेठेतल्या आजी उपास करीत होत्या त्या आपल्याच हिशेबातल्या चुकीसाठी. पूर्वजांचे श्राद्ध घालावे तसा तो प्रकार नव्हता. हे ध्यानात आल्यावर आमचा प्रश्न आम्हांस पोरकट वाटू लागला.

पंडितांचा वाद मात्र मिटलेला नाही. रब्बी एलियेझर म्हणत की, लोक वळले तर सुटतील, नाही तर नाही. इब्रीत 'तेशुवा' म्हणतात. आपण पश्चात्ताप म्हणू, पण शब्दशः अर्थ परत फिरणे. रब्बी यहोशुआ म्हणत की, ठरलेल्या वेळी देव सोडवणारच. लोक आपण होऊन वळले नाहीत तर एखादा क्रूर राजा डोक्यावर बसवून त्यांना वळवील. दोघांनीही शास्त्रवचने काढली. पुढे राव नावाच्या पंडिताने सांगितले की, गणिताने काढलेल्या सगळ्या तारखा उलटून गेल्या, आता सारे काही परत फिरण्यावर आणि सत्कर्मांवर अवलंबून आहे. त्यावर त्यांचे प्रतिस्पर्धी शमुएल म्हणाले की, शोक करणाऱ्याने इतका काळ शोक केला, तेवढे पुरे नाही का? आम्हांस हे शमुएलचे बोलणे फार माणसाचे वाटते. दुःखाने पिचलेल्याला 'तुझी सुटका तुझ्याच हाती आहे' असे सांगणे ऐकायला चांगले, पण त्यात निर्दयपणाही असू शकतो. सांगणारा सुखात असेल तर विशेष.

मग एकेका माणसाच्या वाट्याला नेमके काय येते? मायमोनिदीस, बाराव्या शतकातला मोठा धर्मशास्त्री आणि वैद्य, त्याने तराजूचा दाखला दिला आहे. प्रत्येकाने असे समजावे की आपले पुण्य आणि पाप अगदी समतोल आहे, आणि सगळ्या जगाचेही तसेच समतोल आहे. आता मी जे एक काम करीन त्याने पारडे कोणत्या तरी बाजूला झुकणार, माझेही आणि जगाचेही. ताल्मूदात दुसरे एक मत आहे: ज्यू लोकांनी दोनच शब्बाथ नीट पाळले तरी ते लगेच सुटतील. दोनच! पण सगळ्यांनी. म्हणजे कोकणातल्या एखाद्या खेड्यात एका तेल्याने शनिवारी घाणा जुंपला, तर तेवढ्यानेही सोडवणूक लांबणीवर पडणार. गलबतातून उतरलेल्या त्या लोकांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली, इब्री भाषा विसरली, एक 'शमा' ही प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद राहिला. शेजारीपाजारी त्यांना ओळखू लागले ते यावरूनच. दानधर्माबद्दलही असेच आहे. दान सोडवणूक जवळ आणते, असे त्यांचे वचन आहे, आणि दानाला त्यांचा शब्द 'त्सेदाका'. त्याचा धातू न्यायाचा आहे, दयेचा नव्हे. देणारा उपकार करीत नाही, देणे असते ते चुकते करतो. आपल्या ट्रस्टच्या पावतीपुस्तकावर 'देणगी' असे छापलेले असते. त्सेदाकेच्या हिशेबाने तो शब्दही जरा जास्तच झाला.

पण या विचाराला एक धोक्याची बाजू आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोडवणूक माणसाच्या हाती आहे असे एकदा मनाने घेतले की, ती ओढून आणण्याची घाई सुटते. १६६५ साली तुर्की मुलखात शब्बाथाई त्स्वी नावाच्या माणसाला मशीहा म्हणून पुकारण्यात आले. व्यापाऱ्यांनी धंदे आटोपले, कित्येकांनी प्रवासाची तयारी केली. दुसऱ्या वर्षी सुलतानाच्या धाकाने तो मशीहा मुसलमान झाला. त्या फसगतीनंतर ज्यू समाज असल्या उत्साहाला फार बिचकू लागला. देवाची वेळ येण्याआधी बळजोरीने परतू नये अशी शपथ पूर्वीपासून आहे, असे पंडित बजावू लागले. १८९७ साली हर्झल यांनी बाझेल येथे पहिली झायनवादी परिषद बोलाविली, तेव्हा मुंबईच्या बेने इस्राएलांकडेही आमंत्रण आले. त्यांनी ते स्वीकारले नाही. आपल्याला सियोनला परत नेणारा हात देवाचा असेल, त्याची आम्ही वाट पाहत आहो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

या उत्तराला काही लोक भित्रेपणा म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. त्या पिढीने हातावर हात ठेवलेले नव्हते. सामुएल एझेकिएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या पलटणीतले गृहस्थ, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. नाव 'दयेचे दार' या अर्थाचे, शआर हाराहमीम. हाईम सामुएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली. मुले शिकली, मुली शिकल्या. डॉ. जेरुशा झिराड पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मिसरातल्या गुलामीतून सुटका झाली तिची सुरुवात दोन सुइणींनी केली, असे तोरा सांगते. फारोची आज्ञा मोडून त्यांनी मुलगे जगविले. बाळंतिणींच्या दवाखान्यात आयुष्य घालविलेल्या बाईंना ती गोष्ट ठाऊक नसेल असे होणार नाही.

एलियाहू हन्नाबीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मशीहाची वर्दी देणारा हा संदेष्टा कोकणात घरातला झाला आहे. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर घेतले, की त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. अलिबागेजवळ खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवितात. शबात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे ज्यू पंचांगातल्या झाडांच्या वर्षारंभी, त्याचा उरूस असतो. याच एलियाहूची एक गोष्ट ताल्मूदात आहे. रब्बी यहोशुआ बेन लेवी यांनी त्याला विचारले की, मशीहा कधी येणार? तो म्हणाला, त्यालाच जाऊन विचारा. रोमच्या वेशीपाशी रोग्याभिकाऱ्यांत बसला आहे. ओळखायचा कसा? बाकीचे रोगी आपल्या साऱ्या जखमांच्या पट्ट्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो मात्र एक पट्टी सोडतो, ती बांधतो, मग दुसरी सोडतो. कारण बोलावणे आले तर उशीर नको. रब्बींनी जाऊन विचारले, महाराज, कधी येणार? तो म्हणाला, आज. दिवस मावळला, कोणी आले नाही. रब्बी एलियाहूकडे तक्रार घेऊन गेले. तो म्हणाला, आजच. पण तुम्ही देवाचे ऐकाल तर. म्हणजे आपण त्याची वाट पाहतो तसा तोही आपली वाट पाहत बसला आहे, आणि तेही एक पट्टी बांधूनच!

आता पुन्हा पुण्यास येऊ. इस्राएलचे राज्य १९४८ साली स्थापन झाले आणि बेने इस्राएलांतील पुष्कळ जण तिकडे जाऊ लागले. वाट पाहणाऱ्या समाजाला हा देवाचाच हात वाटला, यात नवल नाही. पण तिकडे सगळे गोडच नव्हते. काही कुटुंबांनी भेदभावाला कंटाळून धरणे धरले आणि १९५२ साली ती हिंदुस्थानात परत आली. नंतर १९६२ साली तिकडच्या धर्मपीठाने असा आदेश काढला की, बेने इस्राएलाशी लग्न लावण्यापूर्वी त्याच्या वंशावळीची चौकशी करावी. ज्यांनी पोथी नसताना शनिवार सांभाळला, त्यांनाच तुम्ही खरे ज्यू का, असे विचारले जात होते. १९६४ च्या उन्हाळ्यात ते लोक जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले.

त्याच पावसाळ्यात शेजारच्या घरी रोज रात्री वाद चाले, आणि मधली भिंत पातळ होती. मुलाने इस्राएलला जाण्याचे ठरविले होते. तो म्हणे, आई, सगळे वाट पाहत बसले म्हणून दोन हजार वर्षे गेली. आजी म्हणत की, ज्यांना आपली सोयरीक चालत नाही त्यांच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही. देव नेईल तेव्हा जाईन. बिरड्याच्या रोजाच्या रात्री मुलाने त्यांची पंगतीची गोष्ट त्यांनाच ऐकविली. बार काम्सा उठून निघून गेला, म्हणून पुढचा नाश झाला. धरणे धरून बसलेले आपले लोक पानावरून उठायला तयार नाहीत, एवढाच फरक, असे तो म्हणाला. आजी त्यावर काही बोलल्याचे ऐकू आले नाही.

ऑगस्ट महिन्यात इस्राएलच्या पार्लमेंटाने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. धर्मपीठानेही नंतर आदेशातून त्यांचे नाव काढले. त्या पंगतीत जे घडले नव्हते, ते येथे उशिरा का होईना घडले. बसलेल्यांपैकी काही जण बोलले. पण ते बोलले ते पानावरचा माणूस उठला नाही म्हणून, हे विसरता येत नाही.

ते कुटुंब तीनएक वर्षांनी गेले. आजीही गेल्या. कोणत्या युक्तिवादाने त्यांचे मन वळले, की नातवंडांवाचून करमणार नाही एवढेच कारण होते, ते आम्ही विचारले नाही. निघताना ट्रंकेत अलिबागचे कडवे वाल बांधून नेले. पुढे पत्र आले, नातवाच्या हातचे, मराठीत. बाकी खुशाली होती. देश मिळाला, लोक एकत्र आले, तर आता हा शोकाचा उपास सोडावा की नाही, असे आम्ही खोडसाळपणे विचारले होते. त्याचे उत्तर एका ओळीत होते: रोजा इकडेही सगळे धरतात, मीही धरला. आणि शेवटी, आणलेले वाल संपत आले आहेत, तिकडून कोणी येणार असेल तर शेरभर पाठवावेत.